बाजार घरात आला, पण हिशेब कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, दिवाळी महिन्यावर आली की सातारा असो, सांगली असो, कराड असो की मिरज, गल्लीगल्लीतून भाजणीचा वास सुटतो. पूर्वी तो वास आपल्या घरापुरता आणि फार तर शेजारपाजारच्या ताटापुरता असे. आता तसे राहिलेले नाही. एकीच्या चकल्या पुण्याला जातात, दुसरीचा कांदा-लसूण मसाला मुंबईला, तिसरीचे मेतकूट आणि सांडगे थेट बंगळूरच्या मराठी घरांत. दुकान भाड्याने घ्यावे लागत नाही, पाटी रंगवावी लागत नाही. मोबाईलवर फोटो टाकला, खाली भाव लिहिला, की विचारणा सुरू. "घरबसल्या चार पैसे मिळतात, आणखी काय हवं?" असे आपण समाधानाने म्हणतो.

पण थोडे थांबा आणि एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. हे पैसे जमा होतात ते खाते कुणाचे?

पुष्कळ घरांत उत्तर एकच येते: "यांचं." पहाटे उठून चकल्या तळणार ती, पिशव्यांना चिकटपट्टी लावणार ती, "ताई, चकली जरा तिखट झाली हं," हे ऐकून घेणारही तीच. आणि तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी क्यूआर कोड मात्र यजमानांच्या खात्याचा! यात कुणाचा वाईट हेतू असतो असे मुळीच नाही. मोबाईलवर पैसे घेण्याची सोय आधी त्यांच्याकडे होती, म्हणून तीच वापरात राहिली, एवढेच. पण वर्षाच्या शेवटी "मी किती मिळवले?" हे तिला सांगता येत नाही. पैसे आले कधी, विजेच्या बिलात आणि मुलांच्या फीमध्ये विरघळले कधी, काही कळत नाही.

कुठल्याही धंद्यात नवे यंत्र आले की हाच प्रश्न उभा राहतो. तराजू कुणाच्या हातात, भाव कुणाला माहीत आणि पैसा कुणाच्या खिशात? ज्या धंद्यांनी याचे उत्तर नीट शोधले ते नव्या यंत्रासह पुढे गेले. आणि हे पाहायला अमेरिकेला जायला नको. आपल्या कृष्णा-वारणेच्या काठी आणि माणदेशात हे घडलेले आहे.

न पाहिलेले गिऱ्हाईक

घरबसल्या खरेदी ही काही इंटरनेटने आणलेली नवलाई नव्हे. टपालखात्याची व्ही. पी. ची पद्धत आपल्या देशात १८७७ सालापासून आहे. पोस्टमनने पुडके आणायचे, आपण पैसे मोजायचे आणि मग ते हातात घ्यायचे. पुस्तके, औषधे, शिवणाचे सामान असे कितीतरी जिन्नस आपल्या आज्यांनी याच रीतीने मागवले. २०१० साली फ्लिपकार्ट कंपनीने "माल हातात पडल्यावर पैसे द्या" ही सोय सुरू केली, तेव्हा तरुण मंडळींना ती फार नवी वाटली. नीट पाहिले तर ती आपली जुनी व्ही. पी. च. ज्या दुकानदाराचे तोंड पाहिलेले नाही, त्याच्या हाती आधी पैसे देववत नाहीत. तेव्हाही देववत नव्हते, आजही देववत नाहीत.

हा विश्वास कमवायचा कसा? याचा एक सुंदर धडा सांगली जिल्ह्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला आणि किर्लोस्करवाडी वसली. नांगर तयार होत होते, पण शेतकरी दूरदूरच्या गावांत विखुरलेला. त्याला माल कळायचा कसा? १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. आधी ते कारखान्याचे आणि मालाचे माहितीपत्रकच होते, पुढे त्याचे मोठे मासिक झाले. आणि १९३० साली त्याच किर्लोस्करवाडीतून 'स्त्री' मासिक निघाले, ते तर आपल्या घराघरांत पोचले. म्हणजे पाहा, लोखंडी नांगर विकणाऱ्या माणसांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते की, दूरच्या गिऱ्हाइकाशी नुसते विकण्यापुरते बोलून चालत नाही. ओळख नियमित ठेवावी लागते. आज मोबाईलवर मसाल्याचा फोटो टाकून महिनाभर गप्प बसणारीने हे मनात धरावे. ताकापुरती आजी केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी येत नाही.

वारणाकाठचे संगणक

आता इंटरनेटकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही आधी मोठ्या शहरांत. लहान शहरांत एस. टी. डी. बूथच्या शेजारी सायबर कॅफे दिसू लागले ते त्यानंतर काही वर्षांनी. मात्र आपल्या भागातल्या काही खेड्यांत संगणक फार लवकर पोचला.

वारणा नदीच्या एका अंगाला सांगली जिल्हा, दुसऱ्या अंगाला कोल्हापूर. पलीकडच्या वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना. १९९८ साली या कारखान्याच्या परिसरातल्या, दोन्ही जिल्ह्यांतल्या मिळून सुमारे ७० गावांसाठी 'वारणा वायर्ड व्हिलेज' ही योजना निघाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह असे तिघे मिळून ती करणार होते. गावात संगणकाचे केंद्र असावे, ते जोडलेले असावे, बाजारभाव, शेतीचा सल्ला, शिक्षणाची आणि सरकारी कामांची माहिती गावातच मिळावी, असा मोठा बेत होता.

प्रत्यक्षात त्या संगणकांचा सर्वांत जास्त उपयोग कशाला झाला असेल? उसाला! लागणीची नोंद झाली का, तोडीची पाळी कधी, काट्यावर वजन किती भरले, बिल किती निघाले, हे लोकांना हवे होते. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. ऊस तुटून गाडीत गेला की त्याचे पुढे काय झाले हे कळेपर्यंत घरात कुणाला चैन नसते, कारण मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, दुकानाची उधारी सगळे त्या बिलावर टांगलेले असते. त्यासाठी पूर्वी कारखान्यापर्यंत हेलपाटा घालावा लागे. गावातल्या संगणकाने तो वाचवला. जगभरची माहिती मिळेल म्हणून आणलेले यंत्र लोकांनी आपल्या उसाच्या वजनासाठी वापरले, यात हसण्यासारखे काही नाही. गरज असते तिथेच यंत्र रुजते.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. संगणक महाग, त्याची देखभाल कटकटीची. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी वारणेच्या ७ गावांत एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल. त्यावरून संदेश पाठवायचा, उत्तरही संदेशानेच यायचे. संगणकाने होणारी सगळी कामे त्या छोट्या मोबाईलने झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना हीच रीत अधिक पसंत पडली. का पडली असेल? केंद्र उघडे असण्याची वाट बघायला नको, तिथल्या माणसाला विनवायला नको. आपल्या उसाचे वजन आपल्याच खिशात!

मला वाटते, साऱ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. भारी यंत्र आणणारा पुढे जातो असे नाही. ज्याचा माल, त्याच्या हाती माहिती देणारे यंत्र टिकते.

हळदीचा भाव आणि हळदीचे नाव

सांगली म्हटले की हळद आलीच. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमापाशी, जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवण्याची पद्धत होती. त्या मातीत हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुराने या पेवांचे फार नुकसान केले. हळदीचे वायदे हेही सांगलीचे जुने वैशिष्ट्य. म्हणजे आज माल न देता पुढच्या महिन्यांचा भाव आजच ठरवायचा. हा सगळा व्यवहार पेठेतल्या जाणत्या मंडळींचा. ज्याने वर्षभर हळद राबून पिकवली, त्याला तो फार दुरूनच कळायचा.

२००३ च्या डिसेंबरात एनसीडीईएक्स हा शेतमालाचा संगणकावर चालणारा वायदे बाजार देशात सुरू झाला आणि २००४ साली त्यात हळद आली. पेठेत बसून ठरणारा आकडा आता स्क्रीनवर झळकू लागला. आज शेतकऱ्याच्या घरातली शाळकरी मुलगीसुद्धा बापाला मोबाईलवर हळदीचा भाव काढून दाखवते. त्यामुळे एका रात्रीत सगळे गोड झाले असे नाही. स्क्रीनवरचा भाव एक असतो आणि आपल्या पोत्यातल्या हळकुंडाचा रंग, ओल आणि पॉलिश पाहून मिळणारा भाव वेगळा. पण सौद्याला उभे राहताना चार आकडे ठाऊक असणे आणि काहीच ठाऊक नसणे यात मोठे अंतर आहे.

दुसरी गोष्ट नावाची. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात आपण हळद नाकाला लावून, चिमटीत चोळून घेतो. मोबाईलवर वास येत नाही हो! तिथे नावावरच भरवसा ठेवावा लागतो, म्हणून नावाला कायद्याचे कुंपण हवे. मैत्रिणींनो, तुमच्या मसाल्याला असे मानांकन मिळणार नाही, पण तुमचे नाव हेच तुमचे मानांकन. एकदा खवट शेंगदाण्याची चटणी गेली की ते पुसते.

अंगठ्याची गोष्ट

आता सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला चला. दुष्काळी मुलूख. तिथे चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या कष्टकरी बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले. दिवसाला थोडे पैसे मागे टाकावेत एवढीच त्या बायकांची इच्छा, पण एवढ्या लहान रकमेचे खाते उघडायला कुणी तयार नव्हते. रिझर्व्ह बँकेने मात्र परवाना नाकारला, कारण बँक काढणाऱ्या सभासद बायका निरक्षर! सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या बायका बँक कशी चालवणार?

बायका हटल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरवायला सुरुवात केली आणि पुन्हा मुंबईला गेल्या. चेतनाताईंनी ही हकीकत अनेकदा सांगितली आहे. बायकांनी साहेबांना सरळ आव्हानच दिले. आम्हाला वाचता येत नाही, पण कुठलीही रक्कम सांगा, तिचे व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय जमते का पाहा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. वारणेच्या खेड्यांत संगणक आले त्याच्या आदले वर्ष.

पुढे बँकेचे व्यवहार यंत्रावर आले, कार्ड आले, पिन आला. आणि पुन्हा एकदा बायकांनी शिकलेल्यांना धडा दिला. २०१८ च्या एका गाजलेल्या भाषणात चेतनाताईंनी तो प्रसंग सांगितला. बायका म्हणाल्या, पिन नको. पिन कुणीही बघू शकतो, काढून घेऊ शकतो. आमचा अंगठाच लावू द्या, अंगठा कुणाला चोरता येत नाही! तेव्हा खाती अंगठ्याच्या ठशाशी जोडली गेली.

ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, त्याच अंगठ्याने कुलपाची किल्ली व्हावे, हे वाचून कौतुक वाटते. पण नुसते कौतुक करून थांबू नका. पिन कुणीही काढून घेऊ शकतो, हे त्या बायकांना कुठून ठाऊक? घरातूनच ना? आपण चार बुके शिकलेल्या, आपल्याकडे पदवी आहे, आणि आपला पिन? "अहो, तुम्हीच टाका ना, मला नाही ते जमत!" म्हसवडची न शिकलेली बाई आपल्या पैशाची किल्ली आपल्याच हाताला बांधून मागते आणि आपण ती हसतहसत दुसऱ्याला देतो.

आता आपले स्वयंपाकघर

तेव्हा या दिवाळीच्या आधी काही गोष्टी कराच.

पहिली गोष्ट, स्वतःच्या नावाचे बचत खाते, त्याला जोडलेला स्वतःचा मोबाईल नंबर आणि त्या खात्याचा क्यूआर कोड. घरखर्चाला पैसे द्यायचे ते तिथून जरूर द्या, पण ते दिल्याची नोंद राहू दे. हिंदू वारसा कायद्याच्या (१९५६) १४ व्या कलमात स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेली मालमत्ताही धरली आहे आणि तिच्यावर तिची पूर्ण मालकी सांगितली आहे. कायद्याने दिलेले आपणच नोंदवून ठेवले नाही, तर ते दाखवणार कसे?

दुसरी गोष्ट, वही. समजा, तुम्ही चकली ४०० रुपये किलोने विकता. भाजणी आणि तेल २१० रुपये, गॅस २०, पिशवी आणि खोका ३०, तुटफूट २०. झाले २८०. उरले १२०. किलोभर चकलीला सगळे मिळून दोन तास गेले, तर तासाला ६० रुपये पडले. आता हीच चकली एखाद्या विक्री करून देणाऱ्या कंपनीमार्फत विकली आणि तिने शेकडा १५ घेतले, तर ६० रुपये तिकडे गेले. तुमच्या हाती तासाला ३०. खात्यात एकदम पैसे जमा झालेले दिसतात, म्हणून आपण खूश! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तसे व्हायला नको. कंपनीला द्यायचे असेल तर भाव आधीच त्या हिशेबाने ठरवा. शिवाय परत आलेल्या मालाचा खर्च कोण सोसणार, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

तिसरी गोष्ट, पाकीट. घरगुती असले तरी खाण्याचा जिन्नस विकायचा तर अन्नसुरक्षा खात्याकडे, म्हणजे 'एफएसएसएआय'कडे, नोंदणी हवी. लहान धंद्याला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते आणि तिचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा. सोबत आपले नाव-पत्ता, निव्वळ वजन, काय काय घातले आहे ते आणि तयार केल्याची तारीख. वस्तू आणि सेवा कराच्या भीतीने पुष्कळजणी मागे राहतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम सैल झाला आहे. ज्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, त्यांना ही नोंदणी न करताही अशा कंपन्यांमार्फत आपल्याच राज्यात माल विकता येतो.

चौथी गोष्ट, सावधगिरी. ही तर तोंडपाठच करा. पैसे द्यायला पिन लागतो, पैसे घ्यायला कधीही लागत नाही. "ताई, दहा किलोची ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, तेवढा पिन टाका," असे कुणी म्हणाले की समजावे, हा चकल्या खाणारा नव्हे, खाते खाणारा. गिऱ्हाइकाने पाठवलेला "पैसे पाठवले"चा फोटो पाहून माल देऊ नका, आपल्या खात्यात रक्कम आली का ते स्वतः बघा. आणि दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. "घरात काय म्हणतील?" या विचारात घालवलेला एकेक तास चोराच्या उपयोगी पडतो. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

हे सगळे यजमानांपासून लपवून करायचे असे मी सांगत नाही. उलट त्यांच्या शेजारी बसून, चहा पिता पिता करा. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" असा प्रश्न कदाचित येईल. त्यावर भांडण नको. एवढेच विचारा की, कारखान्यावर विश्वास असूनही काटापावती आपण घेतोच ना? ती जपूनही ठेवतो. मग बाईच्या कष्टाची पावती तिच्या नावे असली, तर त्यात वावगे काय?

बाजार आता आपल्या माजघरात आला आहे. तो काही परत जायचा नाही आणि जावा असेही नाही. आज रात्री ओटा आवरून झाला की तुमच्या पाकिटांवर लावलेला तो ठिपक्यांचा कोड आपल्या मैत्रिणीला मोबाईलवर वाचायला सांगा आणि एक रुपया पाठवायला लावा. तिच्या मोबाईलवर कुणाचे नाव उमटते ते बघा. तुमचे नसेल, तर उद्या सकाळी बँकेत जायचे आहे, हे कालनिर्णयावर आत्ताच लिहून ठेवा.